भिंतीची विहीर

ही आमच्या पळसखोरीची भिंतीची विहीर. फार कडेला येऊ नका, दगड निसरडे आहेत. तुमच्या पिशवीत काय आहे ते विचारत नाही, पण पाण्यात काही टाकू नका. विहिरीच्या मधोमध, तळापासून काठापर्यंत, घडीव दगडाची भिंत आहे ती बघा. पाहुण्यांना वाटते पाणी वाटून घेतले. नाही. दोन माणसे तोडायला ती बांधली, असे सांगतात.

विहीर पिसाळ आणि खराडे या दोन घरांची सामाईक होती. पिसाळांची राही आणि खराड्यांचा हैबती हिच्यातच पोहायला शिकले. पाठीला बांधायला दोघांत एकच भोपळा, आज तिला, उद्या त्याला. बुडी मारून तळाची माती आधी कोण वर आणतो, हा त्यांचा खेळ. पुढे खेळ सुटला, पण ओढ सुटेना. हैबतीच्या घरच्यांनी रीतसर मागणी घातली, तेव्हा राहीचा बाप शिदोजी पिसाळ म्हणाला, "पोरीचं निमित्त हाय. डोळा माझ्या निम्म्या विहिरीवर हाय."

शिदोजी जात्याच संशयी. खराड्यांचा कुत्रा भुंकला तरी खूण कुणाला केली, असे विचारणारा. त्याने विहीर उपसली आणि मधे भिंत घातली. पण झरा एकच, तोही पिसाळांच्या अंगाला. दुसऱ्याचे पाणी तोडण्याचे पाप नको, म्हणून गवंड्यांनी तळाशी एक मोरी ठेवली. माणूस अंग चोरून पलीकडे जाईल एवढी. शिदोजीला साऱ्या जगाचा संशय आला, त्या मोरीचा आला नाही.

राहीचे लग्न दुसऱ्या गावी ठरले. हळदीच्या आदल्या दुपारी ती पाण्याला म्हणून आली आणि मोरीतून पलीकडे जायला तिने बुडी मारली. पलीकडे हैबती वाट बघत होता. ती येईना, म्हणून तो खाली गेला. तिचे लुगडे मोरीच्या दगडात अडकले होते, म्हणे. त्याने वर येऊन भिंतीपल्याड हाक दिली, "तात्या, राही मोरीत अडकलीया! तुमच्या अंगानं ओढा, माझ्याच्यानं निघंना!"

शिदोजी आणि त्याचा थोरला मुलगा लगतच्या मळ्यातून काठावर धावत आले. मुलगा उडी घेणार, तोच बापाने त्याचे मनगट धरले.

"थांब. कांगावा हाय. आपण पाण्यात उतरलो की वरनं धोंडे घालतील. आधी घरी जाऊन बघ, राही हाय का."

मुलगा घराकडे पळाला. शिदोजी हाताची घडी घालून काठावर उभा राहिला. हैबतीने पुन्हा हाक दिली नाही. तो खाली गेला.

मुलगा बांधापर्यंत पोचला नसेल, एवढ्यात राही बापाच्या बाजूला पाण्यावर आली. अर्ध्या लुगड्यानिशी, पण जिवंत. हैबतीने मोरीत शिरून तिला मोकळे केले आणि आल्या वाटेने मागे ढकलले होते. तो मात्र मोरीतच राहिला.

राही बोहल्यावर चढली नाही. बापाला एका शब्दाने बोललीही नाही, असे सांगतात. पण मनात येईल तेव्हा ती विहिरीवर जायची आणि ओरडायची, "बुडालं! कुणीतरी बुडालं!" शिदोजी भरल्या ताटावरून उठून धावत यायचा आणि अंगावरच्या कपड्यांनिशी उडी घ्यायचा. तळ चाचपून वर यायचा. हाक खोटी आहे, हे त्याला ठाऊक असायचे. "कोण बुडालं?" असे त्याने एकदाही विचारले नाही. पुढे राहीला दया आली आणि तिने हाका थांबवल्या, असे काहीजण म्हणतात. मला ते खरे वाटत नाही. म्हातारा मेला, म्हणून हाका थांबल्या असणार.

आजही आमच्या गावात कुठल्याही विहिरीवरून हाक आली, की ऐकणारा आधी उडी घेतो, मग विचारतो. पोरे मुद्दाम खोट्या हाका मारतात. त्यांना कुणी रागावत नाही. गेल्या महिन्यात मीच धोतर-टोपीसकट उडी घेतली, या वयात. तळ चाचपून वर आलो, तर पोरे फिदीफिदी हसत होती. सगळीच्या सगळी काठावर होती. मला फार बरे वाटले.