विजोड कुस्ती

“मग डॉक्टरांनी मला वाचवलं तरी कशाला, वस्ताद?”

बिरदेवनं विचारलं आणि हातातला लंगोट गौसू वस्तादांच्या पुढ्यात ठेवला.

तालमीत पहिल्यांदा आला तेव्हा हाच लंगोट वस्तादांनी त्याला बांधला होता. पैलवानानं तो परत करायचा म्हणजे मातीशी नातं संपलं. मातीपलीकडं आपलं काही आहे, असं बिरदेवला वाटत नव्हतं.

वस्तादांनी लंगोटाकडं पाहिलंसुद्धा नाही. कुस्तीच्या हौद्याच्या कडेला बसून ते मातीतले खडे वेचत होते.

दुपार टळायची होती. तालीम रिकामी होती. बिरदेवनं मुद्दामच ही वेळ साधली होती. आपलं शरीर कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून भर उन्हाळ्यात त्यानं पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता.

“शर्ट झकास हाय,” वस्ताद म्हणाले. “कुणाच्या लग्नाला निघालास?”

बिरदेव हसला नाही.

एक काळ असा होता की, त्यानं शड्डू ठोकला की समोरचा निम्मा तिथंच पडायचा. मग एक ताप आला आणि त्यानं फुप्फुसं धरली. घशात नळी गेली. यंत्रानं श्वास दिला. शुद्ध आली तेव्हा तोंडावरची माशी हाकलायला त्याचा हात उठेना. जीव राहिला होता. अंगावरचं मांस गळून गेलं होतं.

“डॉक्टर काय म्हणत्यात?”

“पडून पडून स्नायू गेले म्हणत्यात. हळूहळू भरतील. पण किती भरतील म्हणून विचारलं की गप्प बसत्यात.”

“व्यायाम सांगितला असंल की.”

“सांगितलाय. खुर्चीतनं उठायचं, परत बसायचं. रबराचा चेंडू दाबायचा. मी, वस्ताद! मी चेंडू दाबू?”

“मग करतोस काय?”

“जोर मारायला गेलो. पहाटे, घरातलं कुणी उठायच्या आत.”

“मग?”

बिरदेवनं शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढली.

“बोल की लेका.”

“तोंडावर आपटलो. आईनं उचलून खाटेवर टाकलं. तिला स्वतःला धड उठता येत न्हाई, वस्ताद. तिनं मला उचललं. एवढा हलका झालोय मी.”

“दुसऱ्या दिवशी?”

“परत गेलो.”

“परत पडलास.”

“व्हय.”

वस्तादांनी एक खडा बाहेर भिरकावला.

“माझ्या तालमीत कधी विजोड कुस्ती लागलीय?”

“न्हाई.”

सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. वजन, वय, तयारी पाहिल्याशिवाय वस्ताद दोघांना हौद्यात सोडत नसत. जत्रेत मोठमोठ्यांच्या हट्टापायी लागलेली विजोड कुस्तीही त्यांनी मध्ये उभं राहून मोडली होती.

“मग रोज पहाटे तू कुणासंगं लढतोस?”

“कुणासंगं? एकटाच तर असतो.”

“कुणासंगं, बिरदेवा?”

समोरच्या भिंतीवर तालमीतल्या पैलवानांचे फोटो होते. एकात आजारापूर्वीचा तो होता. खांद्यावर गदा, गळ्यात हार, मान वळूसारखी. बिरदेवला तिकडं बघवेना.

“त्याच्यासंगं,” तो पुटपुटला.

“त्याच्यापुढं मी तुला उभं केलं असतं?”

“न्हाई.” मग एकदम त्याचा आवाज चढला. “मग माझी जोड कोण, तेवढं सांगा! हितली बारकी पोरंसुद्धा मला लोळवतील. माझ्या जोडीचं जगात उरलंय कोण?”

भिंतीला हात लावून वस्ताद उठले. उठताना दोनदा थांबले. मग हौद्यात उतरले आणि धाप कमी होईपर्यंत उभे राहिले.

“ये.”

“वस्ताद, थट्टा करू नका.”

“ये म्हटलं न्हवं?”

कड ओलांडायला बिरदेवला आपला पाय हातानं उचलून ठेवावा लागला. वाकून माती घेणं त्याला जमलं नाही. वस्तादांनीच चिमूटभर माती त्याच्या कपाळाला लावली.

त्यांनी त्याच्या मानेवर हात टाकला. त्यानं त्यांच्या मानेवर टाकला. कपाळाला कपाळ भिडलं.

बिरदेवच्या मांड्या थरथरू लागल्या. थोड्या वेळानं त्याला जाणवलं की मानेवरचा हातही थरथरतोय. वस्ताद कधी एवढे म्हातारे झाले, त्यानं पाहिलंच नव्हतं.

“लाव जोर.”

“लावलाय.”

“एवढाच?”

“एवढाच हाय, वस्ताद.”

“माझाबी एवढाच हाय.”

दोघं तसेच उभे राहिले. कुणी पुढं सरकलं नाही, कुणी मागं हटलं नाही. घाम मातीवर पडत राहिला. बिरदेवचे डोळे भरून आले, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

“वस्ताद... कुणी कुणाला धरलंय, तेच कळंना.”

“सोडून बघ.”