ओवाळलेलं अंडं

"फी सबीलिल्लाह म्हणजे नेमकं काय, उस्तानी?"

खैरुनबी उस्तानींनी तांदूळ पाखडणं थांबवलं नाही. कुराण शिकायला येणाऱ्या मुली नुकत्याच घरी गेल्या होत्या. ओसरीवर चटया अजून तशाच पडल्या होत्या.

"मला विचारतेस? एवढी एम.एस्सी. झालेली तू."

"अर्थ येतो मला. अल्लाहच्या वाटेवर. त्याच्यासाठी, बदल्यात काही न मागता." नुजहतने पाठ म्हणून दाखवावा तसं सांगितलं.

"मग झालं की."

नुजहतच्या मांडीवर तिचा ताहिर झोपला होता. तिने त्याच्या कपाळाला हात लावला. गार होतं. तिने पुन्हा लावला. स्वतःच्या हातावरही तिचा फारसा भरवसा नव्हता.

"मागे ह्याला ताप आला होता ना..."

"अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक आहे. त्या डॉक्टरला डोळा लागू दिला नाहीस तू."

नुजहत कसनुसं हसली.

"औषध चालूच होतं. पण सासूबाई म्हणाल्या, सदका उतरव, बला टळेल. मग रोज ह्याच्या डोक्यावरून अंडी ओवाळायची आणि दर्ग्याच्या पायरीशी बसते त्या जैतूनला नेऊन द्यायची. फी सबीलिल्लाह म्हणायचं आणि मागे न बघता घरी यायचं."

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईने अंडी ओवाळावीत याचं तिचं तिलाच हसू यायचं. ओवाळताना मात्र कधी आलं नाही.

"बरा झाला की पोरगा."

"हा बरा झाला..." नुजहतचा आवाज खोल गेला. "जैतूनची छोटी नगमा परवा गेली, उस्तानी. तापानेच."

सूप थांबलं. उस्तानी ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटल्या.

"माझ्या मुलावरची बला मी तिच्या घरी पोचवली का? तेवढंच सांगा. घास उतरत नाही माझ्या घशाखाली."

"वेडी की काय! मरण काय अंड्यातून जातं? देणारा तो, नेणारा तो. ताप तर सगळ्या गावात होता."

"मीही मनाला हेच सांगते. वर्गात मुलांनाही हेच शिकवते." ती थांबली. "मग झोप का येत नाही?"

उस्तानी उठल्या. कोपऱ्यातल्या टोपलीत कोंबडी बसली होती. तिच्या पोटाखाली हात घालून त्यांनी एक अंडं काढलं. आपल्या पांढऱ्या डोक्यावरून सावकाश ओवाळलं आणि नुजहतपुढे धरलं.

"घे. फी सबीलिल्लाह."

नुजहतचा हात उचललाच गेला नाही. उलट तिने ताहिरचं डोकं ओढणीखाली ओढून घेतलं. हे आपण कधी केलं, तेही तिला कळलं नाही.

"घे ना. मरण अंड्यातून जात नाही, आत्ताच ठरलं आपलं."

"मांडीवर मूल आहे, उस्तानी..."

"तिच्याही मांडीवर होतं."

...

कोंबडी टोपलीत नुसतीच कुरकुरत राहिली. नुजहतने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले, पण ते पुन्हा भरले.

"तिच्यासाठी काय नेऊ आता? धान्य नेऊ? हिवाळा येतोय, एखादी रजई..."

"काही नेऊ नकोस."

"रिकाम्या हाताने जाऊ?"

"रिकाम्या हाताने कशी?" उस्तानींनी ताहिरकडे पाहिलं. "ह्याला ने. तिच्या मांडीवर ठेव."

नुजहतचे हात मुलाभोवती आवळले. इतके, की ताहिर झोपेतच कण्हला. त्या घरातून परवाच मय्यत उठली होती. ती खोली, ती गोधडी, मूल बघून जैतूनचे डोळे काय म्हणतील ते... सगळं एकदम नुजहतच्या डोळ्यांपुढे आलं.

उस्तानींनी अंडं पुन्हा कोंबडीच्या पोटाखाली सरकवलं. सूप मांडीवर ओढून घेतलं.

"घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. "ती परत देईल."