हंड्यातला ढाण्या

एका गावात एक तांबट होता. एक कसला, अख्खी आळीच तांबटांची! दिवस उजाडला की ठाक-ठुक, ठाक-ठुक सुरू. पाहुणे कानांत बोटं घालून पळायचे आणि आळीतली माणसं त्या दणदणाटात निवांत गप्पा मारायची.

या तांबटाचा एक कुत्रा होता, ढाण्या. दिसायलाही नावासारखाच, हा एवढा जबडा! पिल्लू होता तेव्हापासून ऐरणीला टेकून झोपायचा. वर हातोडी चालायची, खाली हा घोरायचा. तांबट येईल त्याला सांगायचा, "आभाळ कोसळू दे, माझा ढाण्या कान हलवणार नाही!"

आणि दिवाळीत? लांब कुठेतरी एक लवंगी फुटली, फट्, की ढाण्या चुलीमागे! गेल्या लक्ष्मीपूजनाला तर दावं तोडून जो पळाला, तो कितीतरी दिवसांनी लंगडत परत आला. तोवर तांबटाने सगळी रानं पालथी घातली होती. धड जेवलाही नव्हता बिचारा.

"या खेपेला पळाला तर परत यायचा नाही हो," बायको म्हणाली.

त्यात यंदा भलतीच भानगड! गावाची रीत अशी, की चावडीसमोर पहिला बार उडवायचा मान दरवर्षी एकेका आळीला. तो उडाला की मगच बाकीच्यांनी वाती पेटवायच्या. यंदा पाळी तांबट आळीची आणि आळीने नाव काढलं आपल्या तांबटाचं. तेव्हापासून गडी मिशांना तेल लावत सुटला.

"आणि ढाण्याचं काय?" बायकोने विचारलं.

तांबटाला कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर तांब्याचंच. "जेवणावळीचा मोठा हंडा आहे ना? आडवा करतो, आत गोधडी, आत ढाण्या. जाड पत्रा आहे, तोफ डागली तरी ऐकू यायची नाही."

"अहो, पण हंड्यात?"

"तुला तांब्यातलं काय कळतंय!"

"इतकी वर्षं तांब्यापेक्षा टणक डोक्याशी संसार करतेय, थोडं कळतं."

पण ऐकेल तर तांबट कसला! दुपारीच त्याने ओसरीवर हंडा आडवा केला. भाकरी दाखवून ढाण्याला आत घातलं. ढाण्या शहाण्यासारखा बसलासुद्धा. तांबट खूश! आणि तांबटाचाच हात तो, भांडं दिसलं की वाजवून बघणारच. दिली एक सणसणीत थाप.

घणणणणण!

ढाण्या आतल्या आत असा उसळला, की हंडा निघाला गडगडत! ओसरीवरून आळीत, आळीच्या उतारावरून चावडीत, चावडीतली रांगोळी पुसून थेट पाटलांच्या पायाशी. आतून ढाण्या सुटला तो पाटलांच्या खुर्चीखाली.

मागून तांबट धापा टाकत आला.

"काय रे तांबटा," पाटील म्हणाले, "बार संध्याकाळी उडवायचा होता ना?"

सगळी चावडी खो-खो हसली. तांबटाने थरथरणाऱ्या ढाण्याला उचललं आणि घरी आणून आधी त्याच्यावरच डाफरला, "घाबरतोस काय भित्र्या! गप बस!" ढाण्या आणखीच कापायला लागला.

"अहो, ओरडून कुणाची भीती गेलीय का? उंदीर दिसला की तुम्ही माळ्यावर चढता, तेव्हा मी ओरडते का?"

"हळू बोल की! आळी ऐकेल." तांबट खाली बसला. "पण हातोडीला भीत नाही आणि लवंगीला भितो, हा कुठला न्याय?"

"हातोडी तुमच्या हातात दिसते त्याला. ओळखीची आहे. हे धडामधुडुम कुठून येतं, कोण करतं, त्या बिचाऱ्याला काय माहीत!"

तांबट ढाण्याचे कान कुरवाळत बसला.

संध्याकाळी चावडीतून हाक आली, "तांबट, चला! पाटील खोळंबलेत!"

तांबट उठला. मिशीवर हात गेला. ढाण्याने नुसतं त्याच्या पावलावर डोकं ठेवलं. तांबटाने एकदा दाराकडे बघितलं, एकदा खाली.

"तू जा," तो बायकोला म्हणाला.

"मी?"

"मान आळीचा आहे, मिशांचा नाही. जा, पेटव!"

ती पदर खोचून निघाली. तांबटाने खिडक्या लावल्या, फटीत चिंध्या कोंबल्या, ढाण्याला ऐरणीपाशी घेतलं आणि भाकरीचा तुकडा भरवून कामाला लागला. ठाक-ठुक, ठाक-ठुक.

धडाम!

दचकला तो तांबट! हातोडी थेट अंगठ्यावर. "आई गंऽऽ!"

ढाण्या पळायला उठलाच होता. पण मालक विव्हळतोय म्हटल्यावर थांबला, जवळ आला आणि अंगठा चाटायला लागला. मग बाहेर धडाम, आत ठाक-ठुक, मध्ये भाकरीचा तुकडा. ढाण्या कापत होता, पण जागेवरून हलला नाही.

बायको तोंडाला काजळी फासून परतली. "एका काडीत उडवला! ढाण्या कुठाय?"

"शूऽऽ! आत्ताच डोळा लागलाय."

"आणि अंगठ्याला चिंधी?"

"तो... ढाण्या घाबरला होता ना, म्हणून."

पुढच्या दिवाळीत पाटील स्वतः आपला केसाळ कुत्रा काखेत मारून दारात हजर. "तांबटा, याला पण जरा ठोके ऐकव की. आणि हे बघ, हंड्यात नको!"

तात्पर्य: घाबरलेल्याला "घाबरू नकोस" म्हणून काही होत नाही, त्याच्या ओळखीचं काहीतरी घेऊन शेजारी बसावं लागतं, मग भले आपला अंगठा सुजला तरी चालेल.