यंत्राला लावलेलं कुंकू

"उपास आज सोडला तर चालेल ना, गोदाई?"

गोदाई दत्ताच्या देवळामागच्या खोलीत राहायच्या. अडचणीतल्या बायका सल्ल्याला त्यांच्याकडं यायच्या. आत्ता गोदाई वाती वळत होत्या. मान वर केली नाही.

"कसला उपास?"

"सोमवार धरले होते. शेडमधलं यंत्र बंद पडू दे म्हणून." शेवंतानं शिऱ्याचा डबा पुढं ठेवला. "पडलं. तुमच्या हातचा घास घेऊन सोडावा म्हटलं."

शेवंता तासगावच्या बाजूला एका बेदाण्याच्या शेडमध्ये मुकादम होती. तिच्या हाताखालच्या बायका बेदाणा निवडायच्या. काळा बाजूला, फुटका बाजूला, देठाचा बाजूला. आता निवडायला कॅमेऱ्याचं यंत्र आलं होतं. दिवाळीनंतर बायकांनी घरी बसायचं, असं मालकानं सांगून टाकलं होतं.

"बंद पडलं म्हणजे काय झालं?"

"चांगला बेदाणाच कचऱ्यात फेकतंय. मालकानं परत सगळा बेदाणा बायकांना निवडायला दिला. दिवाळीनंतरही या म्हणाला." तिचा आवाज जरा चढला. "पाया पडल्या माझ्या, गोदाई. म्हणाल्या, आक्का, तुमच्या उपासाला देव पावला."

"देव पावलेल्या बाईचं तोंड असं असतं होय?"

शेवंता डब्याच्या कडेवर बोट फिरवू लागली.

"बोल."

"खंडेनवमीला शेडमध्ये अवजारांची पूजा होती. वजनकाट्याला, चाळणीला, सगळ्याला कुंकू लावलं. यंत्रालाही लावायला गेले. त्याला कपाळ कुठलं? म्हटलं, डोळ्याला लावावं. कुंकू तेलात कालवलेलं होतं. आतल्या काचेवर बोट टेकवलं."

"मग?"

"दुसऱ्या दिवसापासून हे असं. त्याला सगळंच लाल दिसत असणार."

गोदाईंना हसू आलं. शेवंताला आलं नाही.

"कुणाला सांगितलंस?"

"नाही. काच पुसली की यंत्र चालू. यंत्र चालू की बायका घरी. कुठल्या तोंडानं सांगू?"

"मग नको सांगू."

"आणि दस्तगीर? यंत्रावरचा माणूस तो. मालक म्हणतो, यानंच बिघडवलं. उद्यापासून येऊ नको म्हणालाय त्याला. बायको पोटुशी आहे त्याची."

गोदाईंनी नवा कापूस घेतला.

"भीती वाटते हो. सांगितलं तरी, नाही सांगितलं तरी. आणि हे यंत्र गेलं तर दुसरं येणारच. आज बेदाणा, उद्या हळद. नात विचारते, आजी, मी काय शिकू... मला सांगता येत नाही."

"मलाही भीती वाटते."

"तुम्हाला? तुम्हाला कशाची?"

"तुझ्या पाया पडणाऱ्या बायकांची. उद्या तुला देवी करून बसवतील."

शेवंता खाली पडलेल्या वाती गोळा करायला लागली.

गोदाईंनी विचारलं, "कुंकू लावताना काय म्हणालीस?"

"म्हणायचं काय... दरवर्षी म्हणते तेच. सांभाळ, म्हटलं."

"यंत्राला?"

"हात जोडले की तेच येतं तोंडात."

"उपास ते मोडावं म्हणून. कुंकू त्यानं सांभाळावं म्हणून. देवानं कुठलं ऐकायचं, बाई?"

गोदाईंनी वळलेली वात बाजूला ठेवली.

"आतली काच म्हणालीस. वर झाकण असेल की."

"आहे ना. चावीचं."

"कुणी उघडलं?"

"दस्तगीरनं. मीच विचारलं, डोळा कुठाय रे ह्याचा? हसला. म्हणाला, हा इथं, मावशी. आणि मी बोट लावीपर्यंत झाकण धरून उभा..."

तिनं डब्यावरचा हात मागं घेतला.

"त्याला माहीत आहे," शेवंता हळूच म्हणाली. "त्याच्यासमोर लावलं मी."

"मालकानं विचारलं तेव्हा काय बोलला?"

"काहीच नाही. खाली बघत उभा होता. बायका म्हणाल्या, चूक केलीय म्हणूनच तोंड उघडत नाही मेला. मी त्यांना गप्प केलं नाही."

"हं."

"काच पुसली असती तर त्याची नोकरी राहिली असती, गोदाई. एक फडकं मारायचं होतं त्यानं. आमच्यासाठी..." पदर तोंडाशी गेला.

बाहेर कुणीतरी घंटा वाजवून गेलं.

"मला अजूनच भीती वाटायला लागली."

"वाटू दे."

"मी सांगितलं तर त्या बायकांचं काय होईल?"

"ते त्यांनाच विचार. त्यांनाही बरोबर घेऊन जा."

"कुठं?"

गोदाईंनी डब्याचं झाकण काढलं. शिऱ्यावर तुळशीचं पान ठेवलं. घास काही काढला नाही. झाकण लावून डबा तसाच शेवंताच्या हातात दिला.

"दस्तगीरच्या घरी. आधी त्याचा उपास सोडव."