शिनोचं पाणी

हे कपाट उघडून बघा, पण आत हात घालू नका. आतल्या फळ्या ओल्या आहेत. तुम्ही पाहुणे मंडळी आमचे काळे वाडगे हातात घेता आणि "काय हा साधेपणा!" म्हणता, ते सगळे इथेच तयार होतात. उरुशीच्या झाडाचा चीक लाकडावर चढवला की तो उन्हात वाळत नाही, दमट हवेतच घट्ट होतो. म्हणून फळ्यांवर रोज पाणी शिंपडायचं. आणि त्याआधी आमच्या किनोसावा गावात प्रत्येक कारागीर बायकोला विचारतो, "पाणी प्यायलीस?" ती हो म्हणेपर्यंत फळी भिजवायची नाही.

ही रीत तोकुबेईपासून आली, असं सांगतात. त्याच्यासारखा कारागीर पंचक्रोशीत नव्हता. एकदा सरदाराच्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्याला दहा वाडग्यांचा हुकूम आला. वेळेत दिले नाहीत तर उरुशीचं सगळं रान गावाकडून काढून घेऊ, अशी तंबीही आली. नेमकी त्याच वर्षी पावसाने दडी मारली. नदी आटली, विहिरींनी तळ गाठला. तोकुबेईची बायको शिनो तापाने फणफणत होती आणि घरात म्हणे एकच घडा पाणी उरलं होतं.

चिकाचा शेवटचा हात देऊन झाला, तेव्हा ती म्हणाली, "घोटभर द्या हो."

"आधी फळ्या भिजवतो. एवढा हात बसू दे, मग देतो."

शिनोने पुन्हा मागितलं नाही. तो कपाटापाशीच बसून राहिला, फळी सुकली की शिंपडत राहिला. दुसऱ्या दिवशी वाडगे घट्ट झाले. घड्याच्या तळाचं पाणी ओंजळीत घेऊन तो तिच्याकडे गेला. ते तिच्या ओठांवरून उशीवर ओघळलं. ती केव्हाच गेली होती.

सरदाराने वाडग्यांचं तोंडभरून कौतुक केलं. रान गावाकडे राहिलं. शिनोने गावासाठी जीव दिला, असं इथले पुरुष सांगतात. मला नाही पटत. तिने दिला कुठे? तिने पाणी मागितलं होतं. तोकुबेईने पुन्हा कुंचला धरला नाही, आणि मरण्याआधी गावातल्या प्रत्येक कारागिराला ही आण घातली.

आजही ती कुणी मोडत नाही. हे कपाट माझ्या नवऱ्याचं. तो रोज विचारतो, "पाणी प्यायलीस?" मी "प्यायले" म्हणते. माझी सासूही तेच म्हणायची. विचारताना त्याची पाठ माझ्याकडे असते आणि हात आधीच घड्यात बुडालेला असतो. बावन्न वर्षांत त्याने एकदाही वळून पाहिलेलं नाही.