गेंदाबाईची लाख आणि सरकारी घंटा

तलाव भरला, सांडवा फुटून वाहिला, खालच्या आळीत कमरेएवढं पाणी शिरलं आणि राजवाड्यातली घंटा मात्र गप्पच!

भगवंतराव महाराजांनी दिवाणजींना समोर उभं केलं. "यंत्र बिघडलं?"

"छे छे, महाराज! यंत्र ठणठणीत आहे. आत पाण्याचा एक थेंब नाही!"

"मग वाजलं का नाही?"

दिवाणजींनी पागोटं सावरलं.

यंत्र विलायतेहून आलं होतं. विजेच्या तारा भरलेली पितळी पेटी तलावात बुडवलेली, आणि तिच्यातून दोन लांब सुया धोक्याच्या खुणेपर्यंत वर आलेल्या. पाणी सुयांच्या टोकांना भिडलं की राजवाड्यात घंटा वाजायची. पण पहिल्याच वर्षी पेटीत पाणी झिरपलं आणि घंटा तीन दिवस अखंड बडवत राहिली! वैतागून महाराजांनी हुकूम काढला, "यापुढे यंत्राला पाण्याचा थेंब शिवता कामा नये!"

हुकूम म्हटल्यावर सगळे कामाला लागले. इंजिनियरसाहेबांनी विलायती रोगण फासलं. खजिनदारांना ते महाग वाटलं, म्हणून त्यांनी वर डांबर ओतलं. राजवैद्यांनी एरंडेल चोळलं, पुरोहितांनी चंदन थापलं. दिवाणजींनी शेवटी सरकारी मोहर उमटवली. सुयांच्या टोकांसकट पेटीचा भोपळा झाला!

महाराज हट्टाला पेटले. "थेंब शिवायचा नाही आणि घंटाही वाजली पाहिजे! जमेल त्यानं पुढं यावं. मात्र फसला, तर संस्थानातून हद्दपार!"

दरबारात सगळे एकदम आपापल्या जोड्यांकडे बघू लागले.

"मी करते, सरकार," दारातून आवाज आला.

खालच्या आळीत लाखेच्या बांगड्या करणारी गेंदाबाई होती ती. पुरानं तिची भट्टी विझवली होती, दिवाळीसाठी केलेल्या बांगड्या वाहून नेल्या होत्या.

"बांगडीवाली यंत्र दुरुस्त करणार?" दिवाणजी हसले.

"यंत्र नाही हो, दिवाणजी. तुमची दुरुस्ती दुरुस्त करते!"

तिनं आधी पेटीवरची सगळी पुटं खरवडली. स्पिरिटनं पितळ लख्ख पुसलं. इंजिनियरसाहेब कौतुकानं हात लावायला आले, तशी ती ओरडली, "बोट नका लावू! तेलकट डागावर लाख धरत नाही!" मग पेटी शेकून कोरडी केली, ओल कळावी म्हणून आत कापूस ठेवून बंद केली आणि लाखेचा पातळ हात दिला. वाळल्यावर दुसरा, मग तिसरा. प्रत्येक हातानंतर ती पेटी उजेडात फिरवून बुडबुडे शोधायची. एक जरी दिसला, तरी तेवढी लाख काढून पुन्हा लावायची. सुयाही तिनं खालपासून वरपर्यंत मढवल्या. टोकं तेवढी उघडी ठेवली.

"महाराज!" दिवाणजी आनंदानं किंचाळले. "टोकं उघडी! धडधडीत हुकूमभंग!"

महाराजांच्या भिवया चढल्या. "काय गं?"

"सरकार, लढाईला जाताना आपण चिलखत घालता. तोंडही झाकता का?"

"तोंड झाकलं तर हुकूम कसा देणार?"

"यालाही घंटेला हुकूम द्यायचाय, सरकार!"

महाराजांना हसू आलं, पण हट्ट सुटेना. "माझा शब्द म्हणजे शब्द! थेंब शिवायचा नाही!"

"बरं," गेंदाबाई म्हणाली. "टोकंही बुजवते. मग पावसाळाभर तलावावर कुणी विश्वासू माणूस बसवा. पाणी चढलं की त्यानं धावत येऊन घंटा वाजवायची. दिवाणजींइतकं विश्वासू दुसरं कोण आहे?"

दिवाणजींचा चेहरा उतरला. "महाराज, मी काय म्हणतो... टोकं उघडीच बरी दिसतात!"

दरबारात भलं मोठं घंगाळ मांडलं. सुयांच्या टोकांखाली चार बोटं येईल इतकं पाणी भरून यंत्र आठ दिवस बुडवून ठेवलं. पहारा बसला. घंटा गप्प. नवव्या दिवशी गेंदाबाईनं कळशीभर पाणी ओतलं.

घण घण घण घण!

कळशीभर पाणी उपसलं. घंटा थांबली. पेटी उघडली, तर आतला कापूस जसाच्या तसा कोरडा!

"शाब्बास!" महाराज उठून उभे राहिले. "माग काय हवं ते!"

"ही घंटा इथून काढून आमच्या आळीत बांधा, सरकार."

"राजवाड्याची घंटा बांगडीवाल्यांच्या आळीत?" दिवाणजी कडाडले. "इथं ती महाराजांच्या रक्षणासाठी आहे!"

"राजवाडा टेकडीवर आहे, दिवाणजी," गेंदाबाई शांतपणे म्हणाली. "पाणी इथवर यायचं तर आधी सगळं संस्थान बुडायला हवं. मग घंटा वाजली काय, न वाजली काय! पळा म्हणून सांगायला उरणार कोण? महाराज आणि तुम्ही, दोघंच!"

महाराज इतके हसले, इतके हसले, की त्यांना पुन्हा लोडाला टेकून बसावं लागलं!

गेंदाबाईला सोन्याचे गोठ मिळाले, नवी भट्टी मिळाली आणि संस्थानातल्या सगळ्या पाण्यातल्या यंत्रांचं लाखकाम मिळालं. घंटा त्याच दिवशी खालच्या आळीत निघाली. ती वाहून न्यायचा मान महाराजांनी दिवाणजींना दिला!