रांजणांच्या मागे निघालेलं गाव

लाथा मारू नका रे एकमेकांना, सरका तिकडे. गोष्ट हवी ना? मग पाय पोटाशी घ्या नि ऐका.

एक होतं गाव. कुंभारांचं. आज तिथे गेलात तर घरं आहेत, अंगणं आहेत, पण हाक मारली तर ओ द्यायला चिटपाखरू नाही. का नाही? अगं, तेच तर सांगतेय. मध्ये बोलायचं नाही.

गावाला एक तळं होतं. उन्हाळ्यात ते आटायचं. मग अक्षय्य तृतीयेला सगळं गाव तळ्यात उतरायचं आणि पावसाने वाहून आणलेला गाळ काढायचं. त्या गाळाचेच माठ, त्याचेच रांजण. पण गाळाखाली लागायची निळी, लोण्यासारखी मऊ माती. ती दिसली की कुदळी बाजूला. ती माती म्हणजे तळ्याचं अंथरूण, बरं का. तिला हात लावायचा नाही, असं पूर्वापार चालत आलेलं.

पहिली कुदळ मारायचा मान बायजाआजीचा. गावात सगळ्यांत म्हातारी तीच. स्वभावाने कशी? माझ्यासारखी. हसू नकोस, शके! ताठ मानेची, पण गावावर जीव टाकणारी. ‘आमच्या दारातून घागर मागणारा कधी रिकाम्या हाताने गेला नाही,’ असं येताजाता ऐकवायची.

मग एकदा काय झालं, राजाच्या मुलीचं लग्न निघालं. राजाचा माणूस आला, म्हणाला, हजार रांजण हवेत. गाव लागलं कामाला. सातशे रांजण झाले आणि गाळच संपला. खाली निळी माती चमकायला लागली. सगळे बघतायत बायजाआजीकडे.

तिचा मुलगा हिराजी म्हणाला, “आई, नाही म्हणून कळवू या. राजा काय खातोय आपल्याला?”

“आजवर या गावाने नाही म्हटलंय?” म्हातारी कडाडली. आणि हाणली की हो कुदळ त्या निळ्या मातीत!

तीनशे रांजण घडले. मूठभर माती उरली, तिचं बायजाआजीने एक एवढंसं गाडगं केलं. भट्टीतून सगळं खणखणीत भाजून निघालं. रांजण गेले राजवाड्यात, गाडगं राहिलं घरात.

मग पाऊस आला. तळं काठोकाठ भरलं. सगळे म्हणाले, बघा, काही झालं नाही! पण दसऱ्याला तळं अर्धं. दिवाळीला गुडघाभर. संक्रांतीला नुसता चिखल. अंथरूणच काढून घेतलं, तर पाणी टिकणार कशावर? आधी बगळे उडून गेले. मग गुरं दावी तोडायला लागली. मग लेकरं पाणी पाणी करायला लागली. माणसं नुसती घरातून अंगणात, अंगणातून घरात. कुणाचा म्हणून पाय ठरेना.

तिकडे राजवाड्यात वेगळीच तऱ्हा. ते तीनशे रांजण जागेवर बसेनात. डुगडुग, डुगडुग. पाण्याखालची माती ना ती, तिला करमेना. आणि एका सकाळी सगळे आडवे झाले आणि निघाले घरंगळत. गडगड, गडगड, थेट आपल्या गावात! तळ्यात उतरले. एक फेरी मारली, दुसरी मारली, तिसरी मारली. पाणी कुठलं? मग पलीकडच्या काठाने वर चढले आणि चालले पुढे.

हिराजी ओरडला, “यांना पाण्याचा माग कळतो! चला यांच्या मागे!”

गावाने चाकं उचलली, पोरं कडेवर घेतली. बायजाआजी मात्र उंबऱ्यावरून हलेना.

“आई, चल ना गं.”

“गाव मी उठवलं. पहिली कुदळ माझी होती, हिराजी. मी कुठल्या तोंडाने येऊ?”

तो उचलायला गेला, तर तिने काठी उगारली. लेकरांच्या घशाला कोरड पडलेली, थांबायचं तरी किती? घरात होतं नव्हतं तेवढं पाणी तिच्याजवळ ठेवून तो रडत रडत गेला. गाव रिकामं झालं. पाणीही संपलं.

मग ते एवढंसं गाडगं उठलं आणि निघालं. वेशीपर्यंत गेलं नि परत आलं. म्हातारी म्हणाली, “जा बाई, तुझी तू जा.” ते पुन्हा गेलं, पुन्हा परत आलं. तिने तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा गेलं ते दिवसभर आलंच नाही. आणि दिवेलागणीला आलं, तेव्हा त्यात घोटभर पाणी होतं.

म्हातारीला हुंदका फुटला. ती ते पाणी प्यायली, काठी घेतली आणि गाडग्यामागून निघाली. वाटेत सारखी म्हणत होती, मारतील मला, थुंकतील माझ्यावर, थुंकू देत.

दुसऱ्या दिवशी ती नदीच्या वळणावर पोचली. पाण्यात तीनशे रांजण कसे गपगार बसलेले. काठावर गावाने नव्या घरांच्या रेघा आखल्या होत्या, चुलीचे दगड मांडले होते. पण एकाही चुलीत जाळ नव्हता. एक दिवस, एक रात्र सगळं गाव उपाशी बसलेलं.

“अरे, चुली का नाही पेटवल्या?” तिने विचारलं.

हिराजी म्हणाला, “पहिला मान तुझा. तू आल्याशिवाय कोण पेटवणार?”

म्हातारीने जाळ केला, आणि मग घरोघरी चुली पेटल्या.

जुन्या गावात परत? नाही रे राजा. भाजलेली माती पुन्हा कच्ची होत नाही, तळ्याला ती परत कशी द्यायची? ते गाव तसंच ओस पडलं. पण माणसं नदीकाठी पोटभर जेवली, पोटभर प्यायली, सुखात राहिली. तुम्हीही आता गुपचूप डोळे मिटा. आणि शके, पांघरूण एकटीच ओढू नकोस, त्यालाही दे.